हाताचा वास

"आधी हात धू," असं म्हणत मनोरमाकाकूंनी अश्विनच्या हातात साबणाची नवी वडी ठेवली. "या वेळी तरी मागच्यासारखा घोळ नको."

अश्विन वडीकडे बघत राहिला. खास त्याच्यासाठीच काढली असावी. वरचा कागदही तसाच होता. समोर अंगणातला बोरिंगचा नळ आणि पायाशी नमुन्याच्या बाटल्यांची पेटी. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाक्या गळतात, हे गेल्या आठवड्यात उघडकीला आलं होतं. म्हणून आसपासच्या बोरिंगचं पाणी पुन्हा तपासायला त्याच्या लॅबने त्याला पाठवलं होतं. वर्षभरापूर्वीही तोच आला होता.

"मी तर सगळ्या गल्लीला सांगितलं," काकू म्हणाल्या. "रिपोर्टात पेट्रोल निघालं ते आपल्या पाण्यातलं नाही, त्या मुलाच्या हाताचं. बेचाऱ्याने येताना गाडीत पेट्रोल भरलं होतं. तूच फोनवर म्हणालास ना?"

"हो."

म्हणाला होता खरा. नमुना घेणाऱ्याने त्या दिवशी पेट्रोलच्या आसपासही फिरकायचं नाही, हा त्यांच्या कामातला पहिला नियम. लॅबच्या साहेबांना त्यातच पळवाट सापडली. "पंपवाले अपने क्लायंट हैं भिया, लिख दो गाडी में पेट्रोल डलवाया था." अश्विनने मुकाट्याने लिहून दिलं आणि नमुना बाद झाला. नोकरी नवी होती, एवढंच त्याच्या बाजूने सांगता येईल, आणि ते काही फार नाही.

"सूनबाई ऐकेचना," काकूंचं चालूच होतं. "म्हणायची, आई, पाण्याला वास येतो, बाळाला हे पाणी नको. माझं नाक करोनात गेलं ते गेलंच, मला काय कळणार? मी म्हटलं, अनुश्री, शिकलेल्या माणसाने तपासलंय, तुझा वहम आहे. रोजची किटकिट व्हायला लागली. शेवटी दिवाळीत बाळाला घेऊन देवासला माहेरी गेली, ती अजून आलेली नाही. चल, धू हात."

अश्विनने नळ सोडला. साबण चोळून हात स्वच्छ धुतले आणि नाकाशी नेले. साबणाच्या वासावर मात करून पेट्रोलचा भपकारा आला. त्याने पुन्हा धुतले. वास आणखीच चढला. तिसऱ्यांदा धुवायचा त्याला धीर झाला नाही. आपल्याच हातांची त्याला शिसारी आली.

"गेला का वास?" काकूंनी पंचा पुढे केला.

त्याने तो घेतला नाही. "काकू, मागच्या वेळी मी सिटी बसने आलो होतो."

"मग गाडी?"

"माझ्याकडे गाडीच नाही."

काकूंनी पंचा खांद्यावर टाकला. नळ वाहत होता, तो बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही. मग काकूंनी ओंजळभर पाणी घेतलं, नाकापाशी नेलं, कितीतरी वेळ हुंगत राहिल्या आणि सोडून दिलं. आणि त्या आत गेल्या. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अश्विनला वाटलं.

त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात मोबाइल होता. घंटी वाजत होती.

"अनुश्रीला लावलाय." त्यांनी फोन त्याच्या ओल्या हातात ठेवला. "मी तिला खोटं पाडलं. आता तू बोल."

पलीकडून आवाज आला, "हां आई, बोला."