बारा बाय बारा

"एका शितावर जाऊ नगं, पोरी. घरच्या पातेल्याचं येगळं, हितल्या हंड्याचं येगळं. काठाचं बघ, तळाचं बघ, मधलं बघ. मग म्हन शिजलं."

उदगीरच्या मठात हजार पानांचा भात उतरवताना तिथली स्वयंपाकीण नागम्मा हे म्हणाली होती. तेव्हा स्वप्नाली आठ वर्षांची होती. आज तेवीस वर्षांची झाली होती, आणि नांदेडला विद्यापीठाच्या भौतिकशास्त्राच्या हॉलमध्ये मागच्या बाकावर लॅपटॉप धरून बसली होती. डोक्यावर पंखा गरगरत होता.

समोर तिच्या सीनिअरची, दयानंदची, पीएच.डी.ची तोंडी परीक्षा चालली होती. पडद्यावरची चित्रं पुढं सरकवायचं काम तिच्याकडं होतं. पहिल्या रांगेत त्याची आई, तुळजाबाई. बिलोलीहून पहाटेच्या एसटीनं आलेली. मांडीवर पेढ्यांचा डबा, डब्यावर दोन्ही हात. बोलण्यातलं तिला एक अक्षर कळत नव्हतं, पण लेकानं वाक्य संपवलं की ती मान हलवायची.

"पुढचं," दयानंद म्हणाला.

तिनं बटण दाबलं. चौदावी आकृती आली.

प्रबंधाची चार प्रकरणं त्याची होती. पाचव्यातलं गणित त्यानं तिला शिकायला म्हणून दिलं होतं. एका अणूइतका पातळ पापुद्रा, त्यातून वीज वाहील की अडेल, एवढंच काढायचं. त्यासाठीचं डीएफटी, इलेक्ट्रॉनांच्या दाटीवरून करायचं गणित, त्यानंच तिला शिकवलं होतं, कँटीनच्या पायरीवर बसून. "एकेक इलेक्ट्रॉन मोजत बसलीस तर जलम पुरायचा न्हाई, बाई. माळेगावच्या जत्रेत कुनी मानसं मोजतंय का? दाटी कुठं हाय ते बघतेत. तसंच हे."

मग म्हणाला होता, "आधी एकाच बिंदूवर चालवून बघ. फाईल चालती का, तेवढं कळंल. मग जाळी बारा बाय बारा घे."

फाईल चालली. त्या आनंदात तिनं तीच फाईल खऱ्या गणिताला उचलली, अणूंच्या जागा बदलल्या, आणि जाळीची ओळ तशीच राहिली. एकशे चव्वेचाळीस ठिकाणी बघायचं ते एका ठिकाणी बघून मशीन अकरा मिनिटांत मोकळं झालं. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांत चांगली ठसठशीत फट आली, वीज अडवणारा बँड गॅप. पापुद्रा अर्धवाहक निघाला.

"बारा बाय बारा घेतलंस ना?"

"हाव, दादा."

तेव्हा तिला ते खरंच वाटलं होतं.

गेल्या गुरुवारी स्वतःच्या प्रोजेक्टसाठी तिनं तोच पापुद्रा पुन्हा चालवला. या वेळी पूर्ण जाळीवर. फट मिटली. पापुद्रा निव्वळ धातू. तिनं जुनी फाईल उघडली, जाळीची ओळ बघितली आणि लॅपटॉप मिटला. मग पुन्हा उघडून आणखी दोनदा चालवलं. फट काही उघडली नाही. प्रबंध तोवर काळ्या पुठ्ठ्यात, सोनेरी अक्षरांत बांधून झाला होता. लातूरच्या कॉलेजात दयानंदला एक तारखेला रुजू व्हायचं होतं. त्या चार दिवसांत तिनं चार वेळा "दादा" म्हणून हाक मारली, आणि चारही वेळा चहाचंच विचारलं.

बाहेरगावचे परीक्षक चष्मा वर सारून पडद्याकडं बघत होते. इंग्रजीत सुरू झालेली परीक्षा एव्हाना मराठीवर आली होती.

"फट जरा मोठी वाटते हो. जाळी किती घेतलीत?"

"बारा बाय बारा, सर." दयानंद हसला. "आमच्या ज्युनिअरनं केलंय ते. माझ्याहून चिकट हाय. तिनं बघितलं म्हंजे बघितलं."

दोन-चार माना मागं वळल्या. तुळजाबाईही वळली, आणि ओळख नसताना तिच्याकडं बघून हसली.

"मग ठीक आहे." परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं.

मार्गदर्शक संगमेश्वर सर उठले. शेवटी विचारायचा असतो तो प्रश्न त्यांनी विचारला. या हॉलमध्ये त्याला आजवर कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. "सभागृहातून कुणाला काही विचारायचंय?" विचारता विचारताच ते टेबलावरचे कागद गोळा करत होते. शिपाई चहाचा ट्रे घेऊन दारात थांबला होता. तुळजाबाईनं डब्याचं झाकण अर्धं उचललं. खव्याचा वास मागच्या बाकापर्यंत आला.

काठाचं बघ. तळाचं बघ.

स्वप्नाली उभी राहिली. बाक करकरला.

"काय गं?" संगमेश्वर सर म्हणाले. "प्रश्न आहे?"

"न्हाई, सर."

"मग बस की. चहा येतोय."

ती बसली नाही. दयानंद तिच्याकडं बघून भुवईनंच विचारत होता, काय झालं. तिनं त्याच्याकडं बघायचं टाळलं, मग टाळलं नाही.

"सर, जाळी बारा बाय बारा नव्हती. एक बाय एक होती. चुकून राहिली माझ्याकडून. पूर्ण जाळीवर फट ऱ्हात न्हाई, पापुद्रा धातूच निघतो."

 तुळजाबाईनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं आणि झाकण हळूच परत दाबलं.

परीक्षकांनी टोपण काढलं. "दयानंद, तुम्हाला हे माहीत होतं?"

दयानंदचे ओठ हलले, पण तीच आधी बोलली.

"दादाला ठाऊक नव्हतं, सर. मला होतं. गुरुवारपासून."