पंपाला तीस

“फ्रिज, वीस अँपिअर.” मुलीने पिवळा फ्यूज पॅनेलमध्ये दाबला आणि वळून पाहिलं. बाबा चाकांच्या खुर्चीत तसेच. कॅम्पर ट्रेलरच्या दाराशीच तिने खुर्ची लावली होती, पॅनेल त्यांना समोर दिसेल अशी.

चाळीस वर्षं वायरमनचं काम केलेला माणूस. बाजारात त्यांना तोफ म्हणायचे. चुकीची जोडणी दिसली की असे कडाडायचे की रस्त्यापलीकडचं गिऱ्हाईक दचकायचं. आठ महिन्यांपूर्वी झटका आला. उजवा हात गेला, शब्द गेले. डॉक्टर म्हणाले, दिसतं, ऐकू येतं. कळतं किती ते सांगता येत नाही. नातेवाइकांनी त्याचा अर्थ लावला, काहीच कळत नाही. तो सोयीचा होता. माणूस बोलायचा थांबला की लोक त्याच्या तोंडावर त्याची विल्हेवाट ठरवतात. जुनं कपाट कुठे हलवायचं, तसं.

“सोमवारी त्या वृद्धांच्या संस्थेत खाट रिकामी होतेय,” ट्रेलरला टेकून उभा असलेला दादा म्हणाला. फोन त्याच्या हातातच होता. “मी हो म्हणून कळवतो. आणि हा डबाही विकून टाकू.”

डबा बाबांचा होता. निवृत्तीनंतर फिरायचं म्हणून जुना घेतलेला, आतलं सगळं स्वतः करीन म्हणून. पॅनेल उघडायच्या आधीच झटका आला.

“ही फ्यूजची यादी संपेपर्यंत थांब.”

“अगं, आठ महिने थांबलोय. त्यांना फ्यूज आणि बटाटा यातला फरक कळत नाही आता.”

“दादा, ते ऐकतायत.”

“ऐकत असते तर गप्प बसले असते? ते?”

पॅनेलच्या झाकणावर आधीच्या मालकाने यादी चिकटवली होती. तिने पुढची ओळ मोठ्याने वाचली. “दिवे, पंधरा.” निळा फ्यूज बसला. बाबांचं डावं बोट खुर्चीच्या हातावर टकटकलं. ते दिवसभर असंच थरथरायचं. तिने लक्ष दिलं नाही.

“पाण्याचा पंप.” ती थांबली. मग आवाज चढवून म्हणाली, “तीस!”

हिरवा फ्यूज तिने उंच धरला आणि सावकाश आत दाबला.

खुर्ची करकरली. बाबांचा चेहरा लाल झाला. गळ्यात काहीतरी घुसळलं, अडकलं, पुन्हा वर आलं.

“ग... ग... गधडे!”

ट्रेलरचा पत्रा घुमला. दादाच्या हातातला फोन खाली पडला.

ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. तिने डावी मूठ उघडली. घामेजलेल्या तळव्यावर लाल फ्यूज होता, दहाचा.

“यादीत दहाच लिहिलंय, बाबा. तीसचा मुद्दाम लावला. बॅटरी सकाळीच सोडवून ठेवलीय. मला तुमची शिवी हवी होती.”

बारा वर्षांची असताना तिने हेच केलं होतं. फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा ठोकून दिला. तेव्हा बाबा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले होते. गधडे, फ्यूज आधी उडायला हवा, म्हणजे तार वाचते! मोठा लावलास तर तार जळेल आणि मागोमाग घर! आणि आकडा कागदावर कसला बघतेस? तार बघ! तो ओरडा ती विसरली नव्हती. ते विसरले असतील का, एवढंच तिला बघायचं होतं.

दादा मातीत गुडघे टेकून बसला. “बाबा, मला ओळखलंत?”

बाबांनी डाव्या हाताने त्याला बाजूला ढकललं. तो पॅनेलच्या आड येत होता. मग तोच हात उचलून त्यांनी पंपाच्या वरच्या खाचेकडे बोट दाखवलं. बोट आता थरथरत नव्हतं.

“दिवे... निळा... कुणी लावला?”

ती वळली. दिव्यांची तार पंपाच्या तारेहूनही बारीक होती. पाचच्या वर तिला काही झेपलं नसतं. झाकणावर मात्र आधीच्या मालकाने ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं, पंधरा.

ही चूक तिने मुद्दाम केली नव्हती.