अकरा मेल

दूध शीतकरण केंद्राचा व्यवस्थापक सहादेव सातपुते याला चौकशी समिती बेलापुरात पोहोचण्याआधी अकरा मेल नाहीसे करायचे होते. अमोनिया गळत असल्याचं ऑपरेटर सकीनाने त्याला अकरा दिवस रोज मेलने कळवलं होतं. बाराव्या दिवशी त्याच वायूने तिचा जीव घेतला.

"जुन्या मेलची बंद फाईल हाय, साहेब," संगणक सांभाळणारा रिझवान म्हणाला. "हे ॲड-ऑन टाकलंय. आता फोल्डरवानी उघडंल, एकेक मेल येगळा दिसंल. पर मयताचं लिवलेलं वाचाया छाती लागती बरं का."

"तू अंगणात थांब. शहाणपण शिकवू नकोस."

खिडकीबाहेरचं ऊन चुन्यासारखं पांढरं होतं. सहादेवने न वाचताच एकेक मेल पुसला. यादीतला आकडा मात्र अकराच राहिला.

त्याने निरखून पाहिलं. पाठवणाऱ्याच्या जागी आता त्याचं स्वतःचं नाव होतं आणि मेल ज्याला जायचा त्याच्या जागी सकीनाचं. तारीख आजची होती.

पहिल्या मेलमध्ये लिहिलं होतं, 'सकीनाबाई, डोळे चुरचुरतायत.' चौथ्यात होतं, 'घसा आवळतोय, कुणीतरी या.' नवव्यात होतं, 'सकीनाबाई, चुकलो.' अकरावा कोरा होता. त्याच्यावरची वेळ तीन वाजून बारा मिनिटांची होती, आणि भिंतीवरच्या घड्याळात नुकतेच तीन वाजले होते.

खुर्ची लोटून सहादेव धावत अंगणात, मोकळ्या हवेत आला.

रिझवान त्याच्याकडे बघत दोन पावलं मागे सरकला.

"साहेब, डोळं एवढं लाल कशानं झालं तुमचं?"