घाटातला ताशा

युद्धाचे दिवस होते. नवी नवरी भागीरथी वऱ्हाडाच्या मोटारीतून शहापूरकडे सासरी निघाली होती. कसाऱ्याच्या घाटात, वळण घेताच मोटारीचं चाक निखळलं. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. गाडी बाजूला घ्यायला जागाच नव्हती. नवरा म्हाताऱ्यांना खाली उतरवू लागला, तोच उतारावरून मिलिटरीच्या लॉऱ्यांची घरघर उठली. वळणाआडून त्यांना काहीच दिसणार नव्हतं. भागीरथीनं शालू वर खोचला आणि टपावरच्या वाजंत्र्यांना हाक मारली, "दादा, वाजवत वळणापल्याड पळा. थांबायचं नाय." ताशा कडाडला, सनई किंचाळली, सगळ्यांपुढे हात हलवत नवरीच धावली. पहिली लॉरी करकचून ब्रेक लावत तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. ताशाही थांबला. धापा टाकत सासरे पोचले. भागीरथीनं गडबडीनं डोक्यावर पदर घेतला. "थांबलास कशाला रे?" ते ताशेवाल्याला म्हणाले. "आमी सून आणतोय. वाजव."