दुसरं बटण

चौसाळ्याच्या रामेश्वरने आपल्या किराणा दुकानात नव्व्याण्णव रुपयांना बटण विकायला काढलं. ते घरच्या भिंतीला चिकटवायचं. दाबून काय हवं ते बोललं की ऑर्डर त्याच्या मोबाईलवर पडायची आणि तो स्कुटीवर सामान घेऊन दारात हजर. समोरच्या दुकानातल्या बबनरावांचा जळफळाट झाला. सहाशेचं यंत्र हा नव्व्याण्णवला देतोय, म्हणजे गिऱ्हाईक कायमचं बांधून घेतोय, एवढं त्यांना कळत होतं.

त्यातही डोळ्यांत सलायची ती कडूबाई. लेक-सून दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली, घरात म्हातारी एकटीच, तरी रोज संध्याकाळी रामेश्वरची स्कुटी तिच्या दारात.

"एकट्या बाईला रोज लागतंय तरी काय?" बबनराव गल्ल्यावर बसून धुमसत राहायचे.

शेवटी त्यांनीही तसलीच बटणं मागवली आणि पहिलं बटण कडूबाईच्या भिंतीवर, रामेश्वरच्या बटणाला खेटून, फुकटात चिकटवून आले. दुसऱ्या दिवशी सकाळीच मोबाईल वाजला. मिठाचा एक पुडा. बबनराव मिशीतल्या मिशीत हसत स्वतःच घेऊन निघाले.

कडूबाईच्या फळीवर मिठाचे सतरा पुडे ओळीनं मांडलेले होते. एकही फोडलेला नव्हता.

"मावशी, एवढं मीठ कावून?"

कडूबाईनं पाट पुढं सरकवला.



"बस की जरा. रामेश्वर सांजच्याला येतो, तू सकाळच्याला येत जा. दिवस लई मोठा हाय."