जवळून ओळखणारं कुणीतरी

"कोर्टात एका शब्दात गुन्हा कबूल करून मोकळे झालात!" वकीलबाई चष्मेवाल्यांवर करवादल्या. "दारू पिऊन गाडी चालवली म्हणून तीन महिने कैद. सध्या जामिनावर बाहेर आहात, पण आता अपील करता येईल ते फक्त शिक्षा कमी करण्यापुरतं. माणूस सज्जन आहे असं लिहून देणारं, तुम्हाला जवळून ओळखणारं कुणीतरी शोधा."

चष्मेवाल्यांनी आयुष्यभरात अर्ध्या शहराचे डोळे तपासले होते, पण पत्र मागायचं म्हटल्यावर एक नाव सुचेना. शेवटी बहिणीला फोन लावला.

"लिहिलं असतं रे दादा," ती म्हणाली, "पण काय लिहू? आपल्याला भेटून नऊ वर्षं झाली."

दहा दिवसांनी त्यांनी वकीलबाईंच्या टेबलावर परगावाहून टपालाने आलेला एक कागद ठेवला. बारमधल्या वेटरने ऑर्डरच्या वहीतलं पान फाडून लिहिलेला.

वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, दारूच्या खटल्यात वेटरचं पत्र? दुसरं कुणीच मिळालं नाही?"

चष्मेवाल्यांनी कागद त्यांच्याकडे आणखी सरकवला. मग नाइलाजाने बाईंनी पत्र उघडलं.



'साहेब सहा वर्षं रोज यायचे. एकच पेग मागवायचे, माझ्याशी गप्पा मारायचे आणि निम्मा ग्लास तसाच ठेवून चालत घरी जायचे. त्या दिवशी मात्र गाडी घेऊन आले होते, मला सामानासकट स्टेशनवर सोडायला.'