डावीकडचं दार

लतीफने दम्मामहून समुद्रावरच्या पुलावरून जुनी टोयोटा बहारीनला आणली, पण इथला नंबर मिळेपर्यंत ती नईम मोहल्ल्यातल्या त्यांच्या गल्लीत दारासमोरच उभी. एसीला कुठे नंबर लागतो? म्हणून संध्याकाळी नवराबायको तिच्यात बसून गार हवा खायचे. आमिना डावं दार उघडायची आणि थेट स्टिअरिंगसमोर बसायची.

"अगो, रत्नागिरीत तुझी जागा डावीकडे. इथे ती ड्रायव्हरची," असं रोज सांगून लतीफ तिला हसत उठवायचा.

नंबरप्लेट लागली, त्या संध्याकाळीही आमिना डावीकडेच बसली. लतीफने या वेळी तिला उठवलं नाही. वळसा घालून तो उजवीकडे बसला.

"रोज चुकतेस, त्यापेक्षा शिकून तरी घे."

आमिनाने आरसा स्वतःकडे वळवला.

"चूक फक्त पहिल्या दिवशी झाली होती."